हात वर केला की सगळं बंद : एका पहिलटकरणीच्या कळा आणि साडेचार तासांची गाणी

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेसातला ती प्रसूतिगृहाचा जिना चढत होती. नवऱ्याच्या खांद्यावर बॅग, हातात पेरूएवढा ब्लूटूथ स्पीकर. मागून सासूबाई, त्यांच्या पिशवीत थर्मास आणि दुपटी. अर्ध्या जिन्यात कळ आली तशी ती कठडा धरून थांबली. नवऱ्याने घाईघाईने स्पीकर सुरू केला. त्यातून एक बाई इंग्रजीत म्हणाली की मी जोडणीसाठी तयार आहे.

"आत्ता नको रे," ती दात आवळून म्हणाली.

दिवसभर गाण्यांचं जे काही होणार होतं त्याची ही नांदी होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडमध्ये गरोदर बायकांचे वर्ग घेते आणि अधूनमधून एखादीच्या बाळंतपणाला सोबत म्हणून जाते. हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. कळांच्या वेळा आणि गाण्यांचा क्रम मात्र माझ्या वहीत आहे तसाच ठेवलाय.

वय २९, पहिलटकरीण. हिंजवडीत नोकरी, घर सिंहगड रस्त्याला. साखर, रक्तदाब व्यवस्थित, बाळाचं डोकं खाली, ३९ आठवडे पूर्ण. फॉर्ममध्ये 'छंद' या रकान्यात तिने लिहिलं होतं : ढोल-ताशा पथक, सहा वर्षं, ढोल. ते वाचून मी पुढे गेले होते. पुण्यात दर चौथी मुलगी कधी ना कधी पथकात असते असं आपल्याला उगाच वाटतं, त्यातलाच प्रकार. दिवस राहिल्यावर तिने पथक थांबवलं होतं, तेव्हा तो विषय माझ्या लेखी संपला होता.

तीन याद्या

सातव्या महिन्यात गाण्यांची चर्चा झाली आणि घरातून एक नाही, तीन याद्या आल्या. पहिली तिची स्वतःची : भावगीतं, जुनी हिंदी गाणी, कॉलेजच्या दिवसांतली काही धमाल गाणी. दुसरी सासूबाईंची : स्तोत्रं आणि मंत्र, गर्भसंस्काराच्या नावाखाली मिळतात तसले. तिसरी नवऱ्याने इंटरनेटवरून गोळा केलेली : बासरी, पावसाचा आवाज, समुद्राच्या लाटा. सगळं मिळून साडेचार तास. त्याने त्याचं कोष्टकसुद्धा केलं होतं, कोणत्या टप्प्याला काय. आयटीतली माणसं.

मी तेव्हा त्यात फारसं ढवळलं नाही. दोनच गोष्टी केल्या. एक गाणं काढायला लावलं. ते तिच्या गेलेल्या वडिलांचं आवडतं होतं. त्यावरून वाद झाला. कळा सोसताना रडू आलं तर काही बिघडत नाही, पण ते गाणं पुढे जन्मभर त्या खोलीतल्या डेटॉलच्या वासासकट आठवू शकतं, एवढंच मी म्हटलं. दोन दिवसांनी तिने ते काढलं. दुसरी गोष्ट म्हणजे बंद करण्याची खूण ठरवायला सांगितली. कळेत असलेल्या बाईला "जरा आवाज कमी करता का" एवढं वाक्य जुळवता येत नाही आणि तिच्या वतीने खोलीतले सगळेच ठरवायला लागतात. तिने लगेच सांगितलं : "हात वर. आमच्या पथकात प्रमुखाने हात वर केला की सगळे ढोल थांबतात." तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सासूबाईंचा आग्रह होता की स्पीकर पोटाला लावून ठेवावा, बाळाला ऐकू जाईल. त्यांना सांगितलं की शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला तसंही ऐकू येतं. पोटाच्या भिंतीतून आणि पाण्यातून खर्जातले आवाज पोचतात, वरचे दबतात, आणि आईचा आवाज तर आतून बाहेरून दोन्हीकडून जातो. स्पीकर पोटाला चिकटवायची गरज नाही. त्या हिरमुसल्या, पण "मग हिने स्वतःच म्हणावं" असं म्हणाल्या. खरं तर हेच त्या दिवशीचं सर्वांत शहाणं वाक्य होतं.

संगीताचा कितपत उपयोग होतो, हे नवऱ्याने विचारलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत वेदना सुसह्य करण्यासाठी स्नायू सैल सोडणं, श्वास आणि संगीत या गोष्टी सुचवल्या आहेत, अर्थात बाईची इच्छा असेल तर. वैद्यकीय प्रयोगांचे पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या त्याच वर्षी आलेल्या आढाव्यात अशा पद्धतींवरचे प्रयोग तपासले, तेव्हा पुराव्याचा दर्जा कमी किंवा अगदीच कमी निघाला. म्हणजे करून बघायला हरकत नाही, खर्च नाही, अपाय नाही, पण छातीठोक सांगण्यासारखंही काही नाही. एपिड्यूरलशी, म्हणजे पाठीत सुईने देतात त्या भुलीशी, तर तुलनाच नको. वेदना खरोखर घालवणारं औषध ते आहे, आणि हिने तो पर्याय शेवटपर्यंत उघडा ठेवला होता.

घरी

शुक्रवारी रात्री अकराला कळा सुरू झाल्या, बारा-पंधरा मिनिटांनी एखादी. या काळात गर्भपिशवीचं तोंड मऊ पडतं, पातळ होतं, हळूहळू उघडायला लागतं, आणि पहिलटकरणीची यात रात्रच्या रात्र जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशींत कळांची जोराची अवस्था तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून धरली आहे. त्याआधीचा काळ कुणाचा किती लांबेल याला काही ठरीव माप नाही. मी वर्गात पुणेरी हिशेबाने सांगते : गणपती विसर्जनाची मिरवणूक मंडईतून निघाली आहे, अलका चौक अजून फार लांब आहे, बेलबागेपाशीच दम घालवू नका.

इथे तिची स्वतःची यादी झकास चालली. तिने दुपटी कपाटातून काढून पुन्हा घड्या घातल्या. नवऱ्याबरोबर एक-दोन अंतरे म्हटले. कोणतं गाणं कुठल्या ट्रिपला लागलं होतं आणि तेव्हा गाडीत कोण कुणाशी भांडलं होतं यावर दोघं हसले. कळ आली की ओट्यावर कोपरं टेकून कंबर हलवत उभी राहायची, गाणं तसंच चालू. शब्द असलेली, आठवणी असलेली गाणी या टप्प्यात कामाची असतात, कारण इथे मन दुसरीकडे नेता येतं.

पहाटे तीनला सासूबाई उठल्या आणि स्तोत्रं लागली. त्यांचा उपयोग सुनेपेक्षा सासूबाईंनाच झाला, आणि मी हे टीका म्हणून लिहीत नाही. घरातलं एक घाबरलेलं माणूस देवघरापाशी शांत बसलं की बाळंतिणीभोवतीची निम्मी धावपळ कमी होते. पाचला कळा सहा-सात मिनिटांवर आल्या. गाडीत तिला काहीच नको होतं. सिंहगड रस्त्यावरचे गतिरोधकच पुरेसे होते.

पाऊस, बासरी आणि गृहकर्ज

दाखल झाली तेव्हा तोंड ३ सेंटिमीटर उघडलं होतं. प्रसूतिगृहाने दोघांना थांबू दिलं, नवरा आणि मी. हे सगळीकडे मिळत नाही. सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ एक सोबतीण असू द्यावी असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सांगितलं आहे. खासगीत ज्याचा त्याचा नियम. स्पीकर पाहून मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "लावा काय लावायचं ते. पण हिचा आवाज मला बाहेर ऐकू आला पाहिजे."

हे वाक्य नीट समजून घेण्यासारखं आहे. मुरलेली सिस्टर दर वेळी आत हात घालून बघत नाही. बाईच्या कण्हण्याचा पोत बदलला, शेवटी घशातून खाली दाब दिल्यासारखा आवाज यायला लागला, की तिला बाहेरच्या टेबलावर बसून कळतं. गाण्याने तो आवाज झाकला तर गाण्याचा तोटाच आहे. दोन्ही कानांत इअरफोन घालून बसलेल्या बाईला तर सिस्टरचं बोलणंही ऐकू येत नाही. घालायचाच तर एकाच कानात.

दुपारी पाऊणला ५ सेंटिमीटर. दहा मिनिटांत तीन कळा, प्रत्येक पाऊण मिनिटाची. कोष्टकाप्रमाणे पाऊस लागला. पाच मिनिटांत ती म्हणाली, "मला लघवीला जायचंय." जाऊन आली. पुन्हा पाऊस, पुन्हा लघवी. नवऱ्याचा चेहरा पडला, पण मला गंमत वाटली आणि सिस्टरांना बरं वाटलं. भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याच्या वाटेत येतं, दर दोन तासांनी ते रिकामं व्हावं म्हणून मागे लागावं लागतं. पावसाचा एवढा नेमका उपयोग मी पूर्वी पाहिला नव्हता.

मग बासरी. ही मात्र फसली, आणि का फसली ते लक्षात यायला मला चार कळा लागल्या. बासरीवाला एक सूर लांबवत नेतो, ऐकणाराही नकळत श्वास धरून त्याच्यामागे जातो, सूर सुटला की आपणही सुटतो. मैफलीत हाच आनंद असतो. कळेत तिचा श्वास सुराबरोबर वर अडकत होता आणि खांदे कानाला लागत होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून "सोड, सोड" म्हणत होते आणि स्पीकर तिला "धर" म्हणत होता.

शिवाय गाण्याला सुरुवात आणि शेवट असतो, कळेला तिचा स्वतःचा. चार-पाच मिनिटांच्या तुकड्यात दीड कळ येते. एक कळ मुखड्यावर, दुसरी भलत्याच जागी, आणि मधल्या विसाव्यात, जेव्हा डोळा लागायला हवा, तेव्हा नेमकी लय वाढते. कोष्टकात ही अडचण कुठेच दिसली नव्हती, कारण कोष्टक तासांचं होतं आणि ती जगत होती मिनिटांवर.

दीडच्या सुमाराला एक मोठी कळ भरात असताना बासरी थांबली आणि एका खणखणीत पुरुषी आवाजाने विचारलं की स्वतःच्या घराचं स्वप्न कधी पूर्ण करणार. फुकटच्या ॲपवरची जाहिरात. तिने हात वर केला. नवऱ्याला आधी वाटलं तिला पाणी हवंय. हात वरच राहिला. मग त्याने झडप घालून स्पीकरच उलटा केला, तरी गृहकर्जाचा व्याजदर पूर्ण ऐकावा लागला. कळ संपल्यावर ती हसली आणि मग रडली. गाणी फोनमध्ये उतरवून घ्या, फोन विमान-मोडवर टाका, हे मी वर्गात सांगते. त्या दोघांना सांगितलं होतं का, ते मला आठवत नाही. बहुतेक नव्हतं.

पहिला हात

नवरा हट्टाला पेटला होता. त्याने फोनवर तिच्याच पथकाचा जुना व्हिडिओ लावला. कल्पना वाईट नव्हती, पण फोनच्या इवल्या स्पीकरातून ढोलाचा ठोका येतच नाही. खर्ज सगळा गायब, उरतो तो ताशाचा कडकडाट, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. हात वर. बंद.

खोलीत शांतता झाली आणि तेव्हा मला ते ऐकू आलं. टक्. टक्. टक्. टक्. पलंगाच्या लोखंडी दांडीवर तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट. अंगठीमुळे आवाज येत होता. बहुतेक सकाळपासून येत असावा, आम्हीच वर पाऊस आणि बासरी ओतत होतो.

"हे काय वाजवतेयस?"

"काय? काही नाही." मग जरा थांबून, "पहिला हात. ढोलाचा पहिला ठेका. सरावाला हाच घेतात आधी. हळू."

कमरेला बांधलेला जड ढोल तासन्तास वाजवताना हात भरून येतात, खांदे पेटतात, तेव्हा ती काय करायची ते मी विचारलं. म्हणाली, बाकी काही ऐकायचंच नाही, फक्त टोल, म्हणजे पथकाची लय धरणारी घंटा, ऐकायचा आणि मोजायचं. पुढचं आवर्तन. मग त्याच्या पुढचं. म्हणजे दमल्या शरीराने वेदनेतून मोजत जाण्याचा सहा वर्षांचा सराव या बाईकडे होता, आणि मी तिला समुद्राच्या लाटा ऐकवत होते.

तिथून पुढे आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दोन कळांच्या मध्ये तानपुरा, फोन उशीच्या मागे, आवाज जेमतेम. तानपुऱ्याला मुखडा नाही, अंतरा नाही, शेवट नाही. कळ कुठेही आली तरी काही मोडत नाही. आणि कळ आली की मोजणी, जिवंत माणसाची. लय सेकंदाला एक. चार मात्रांत श्वास आत, आठ मात्रांत तोंडाने बाहेर. बारा मात्रांचं आवर्तन. शास्त्रीय ऐकणाऱ्याला एकताल आठवेल, तिला आठवला नाही. मिनिटभराची कळ म्हणजे पाच आवर्तनं. पहिल्यात चढ, दुसऱ्या-तिसऱ्यात माथा, चौथ्यापासून उतार. "तिसरं गेलं," मी म्हणायचे, आणि तिचा जबडा सैल पडताना दिसायचा, कारण आता खालीच जायचं होतं हे तिला ठाऊक होतं.

नवऱ्याला काम मिळालं. तो तिच्या माकडहाडाच्या वर, कमरेच्या चपट्या जागी, तळहाताने त्याच लयीत दाबायचा. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलेला वेदनेचा सिद्धांत इथे लागू पडतो : स्पर्शाचे, दाबाचे संदेश मणक्यातल्या दारापाशी गर्दी करतात आणि वेदनेच्या संदेशांना वाट अरुंद होते. तो पहिल्यांदा चुकला तेव्हा ती म्हणाली, "लय सोडू नकोस रे." नवऱ्याला ढोल येत नाही. तीन कळांत शिकला.

चार चाळीसला ८ सेंटिमीटर. इथे प्रत्येकीचं म्हणतात तसं तिनेही म्हटलं, "माझ्याच्याने नाही होत आता, सुई द्या." डॉक्टरांनी तत्काळ विचारलं, भूलतज्ज्ञांना बोलावू का? ती हो म्हणाली, पुढच्या कळेनंतर थांबा म्हणाली, त्याच्या पुढच्या कळेनंतर पुन्हा हो. भूलतज्ज्ञ येऊन पोचेपर्यंत तिला खाली दाब जाणवायला लागला होता आणि तिने नको म्हटलं. तिने एपिड्यूरल घेतली असती तर मी हे प्रकरण लिहिलंच असतं, आणि तानपुरा तेव्हाही चालला असता.

एक गडबड मध्येच झाली. बाळाचे ठोके जोराच्या अवस्थेत दर पंधरा ते तीस मिनिटांनी मिनिटभर तरी ऐकायचे असतात, तेवढ्यापुरता तानपुरा आम्ही बंद करायचो. सव्वापाचला मशीनचा पट्टा पोटाला लावला आणि ठोक्यांचा आवाज खोलीभर घुमू लागला. बाळाच्या हृदयाची गती मिनिटाला ११० ते १६० असते, या बाळाची एकशे चाळीसच्या आसपास होती. आमची लय साठची. दोन कळांतच तिचा श्वास मशीनच्या मागे धावू लागला, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याची ही लक्षणं. सिस्टरांना विनंती केली, त्यांनी मशीनचा आवाज आकड्यावर डोळा ठेवता येईल इतका खाली आणला. दोन आवर्तनांत मुंग्या गेल्या. त्या खोलीतलं सर्वांत जोरकस संगीत कुणीच निवडलेलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात तेव्हा आलं.

सहा वाजून पाच मिनिटांनी तोंड पूर्ण उघडलं. आता तानपुराही नको. ठोके दर पाच मिनिटांनी ऐकायचे, सिस्टर सांगणार कधी जोर करायचा, कधी फुंकर घालत थांबायचं. त्यात दुसरा आवाज मिसळला की सगळा घोळ. तिने मोजणंही सोडलं. बोट दांडीवरून सुटून मुठीत गेलं. सात वाजून दोन मिनिटांनी मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅम. नाळ मिनिटभर थांबून कापली. त्या क्षणी काय वाजत होतं असं मला लोक विचारतात. पंखा.

सव्वा महिन्यानंतर

सव्वा महिन्याने भेटायला गेले. घरच्या रात्रीची गाणी ती आनंदाने ऐकते. बासरी लागली की पोटात गोळा येतो म्हणाली. तानपुऱ्याचं तिला काहीच वाटत नाही, जणू तो कधी वाजलाच नव्हता. वडिलांचं गाणं तिने तिसऱ्या दिवशी, दूध पाजताना, पहिल्यांदा लावलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, हिने स्वतःच म्हणावं." त्यांना श्रेय द्यायलाच हवं.

ढोल माहीत नसलेल्या बाईला हे जमलं असतं का? माहीत नाही. एका बाईवरून नियम काढता येत नाही, आणि पुढच्या पहिलटकरणीला मी टक्-टक् मोजायला लावलं तर ती कदाचित माझाच हात धरून थांबवेल.

माझ्या फॉर्ममध्ये मात्र एक प्रश्न बदललाय. पूर्वी होतं, 'तुम्हाला कोणतं संगीत आवडतं?' त्याच्या जागी आता आहे, 'एखादं काम करताना अगदी दमून गेलात, तरी थांबता येत नव्हतं, तेव्हा तुम्ही तोंडातल्या तोंडात काय म्हणत होतात?' गेल्या महिन्यात एकीने तिथे लिहिलंय, एकोणतीसचा पाढा.